पंखा कधी फिरायचा, हे कोण ठरवणार?

आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, हा काय इतिहासाचा विषय झाला? गाडीच्या रेडिएटरमागचा विजेचा पंखा चालू-बंद करणारा एक लहानसा स्विच. अंगठ्याएवढा, पितळेचा, मागे वायर लावायला दोन पात्या. इंजिन तापलं की तो पंखा सुरू करतो आणि निवलं की बंद करतो. पण हा स्विच येण्याआधी त्याचं काम माणूस करत होता. ते माणसाकडून धातूकडे कसं गेलं, याची ही गोष्ट आहे.

सुरुवात १८८६ पासून करू. कार्ल बेंझने त्या वर्षी ज्या मोटारगाडीचं पेटंट घेतलं, तिच्यात इंजिन थंड ठेवायची युक्ती अगदी साधी होती. इंजिनाभोवती पाणी ठेवायचं. ते उकळायचं आणि वाफ होऊन उडून जायचं. १८८८ साली त्याची पत्नी बर्था दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला गेली, साधारण शंभर किलोमीटर. वाटेत तिला पुन्हा पुन्हा पाणी भरावं लागलं. म्हणजे गाडी चालवणं आणि पाणी वाहणं ही एकाच माणसाची दोन कामं होती.

पुढचं मोठं पाऊल विल्हेल्म मायबाखचं. १९०० च्या अखेरीस त्याने घडवलेल्या पस्तीस अश्वशक्तीच्या मर्सिडीजमध्ये मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर होता, ८,०७० बारीक चौकोनी नळ्या जोडून केलेला. त्याच्या मागे पंखा. तेच पाणी फिरून फिरून थंड होऊ लागलं आणि वाटेत भरायची गरज फार कमी झाली. १९०८ साली आलेल्या फोर्डच्या मॉडेल टी गाडीने ही रचना घरोघरी नेली. पंखा इंजिनच्या पट्ट्यावर फिरायचा.

इथेच खरी गोम आहे. पट्ट्यावरचा पंखा इंजिनच्या वेगाने फिरतो. गाडी मोकळ्या रस्त्यावर साठच्या वेगाने पळत असते तेव्हा समोरचा वाराच रेडिएटरला पुरतो, पंख्याची गरज नसते. नेमका तेव्हा तो जोरात फिरत असतो. शिवाय पंख्याचा वेग दुप्पट झाला की त्याला लागणारी ताकद आठपट होते. ती जाते आपल्या पेट्रोलमधून. उलट गाडी गर्दीत अडकली, वारा थांबला, इंजिन मंद गतीवर घुरघुरतंय, तेव्हा पंखाही मंद. गरज सर्वांत जास्त तेव्हा वारा सर्वांत कमी!

आपल्याकडे ज्यांनी जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने प्रवास केला आहे, त्यांना हे पुस्तकातून शिकायची गरज नाही. बोरघाटात बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या, बाजूला पाण्याचा कॅन घेऊन थांबलेली माणसं आणि 'झाकण आत्ताच उघडू नका' असं ओरडणारा एखादा अनुभवी ड्रायव्हर. ते ओरडणं बरोबरच होतं. रेडिएटरमधलं पाणी दाबाखाली असतं, म्हणून ते शंभर अंशांच्या वर गेलं तरी उकळत नाही. झाकण काढलं की दाब जातो आणि उकळता फवारा थेट तोंडावर येतो.

आता कुंभकोणमला चला. मराठी माणसाला हे गाव परकं नाही. व्यंकोजीराजांनी १६७६ च्या सुमारास तंजावरला गादी स्थापली आणि भोसल्यांचं ते राज्य १८५५ पर्यंत टिकलं. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा अशा तीन संस्थानांचे दिवाण झालेले सर टी. माधवराव १८२८ साली इथेच एका मराठी घरात जन्मले. आजही इथल्या काही घरांत मराठी बोलली जाते, तमिळ शब्द मिसळलेली, जुन्या वळणाची. अशाच एका घरी मी उतरलो होतो. अंगणात एक प्रीमियर पद्मिनी उभी होती आणि तिला विजेचा पंखा बसवायचं काम चालू होतं.

पद्मिनी म्हणजे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची गाडी, मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली. मूळ रचना फियाट ११०० ची, म्हणून पंखा पट्ट्यावरचा. आणि कुंभकोणम हे देवळांचं, अरुंद रस्त्यांचं गाव. दर बारा वर्षांनी महामहम भरतो तेव्हा तर गाडी पायी चालणाऱ्यापेक्षाही हळू सरकते.

घरचे काका ऐंशीच्या घरातले. गाडी पूर्वी पगारी ड्रायव्हर चालवायचा, तेही आता म्हातारे झालेत. त्या दिवशी मुद्दाम बघायला आले होते. त्यांनी मला आपल्या तरुणपणीच्या एका नोकरीतली गोष्ट सांगितली. गर्दीत काटा वर गेला, लक्ष रस्त्यावर होतं, हेड गॅस्केट उडालं. मालकाने दुरुस्तीचे पैसे पगारातून कापले. 'तीन महिने, अर्धा अर्धा,' ते म्हणाले. पंखा मंद फिरत होता हा यंत्राचा दोष, पण भरपाई केली माणसाने. त्या काळी काट्यावर नजर ठेवणं हे ड्रायव्हरचं काम होतं आणि काटा वर गेला की चूकही त्याचीच.

मेकॅनिकने सुरुवातीला सोपा उपाय सुचवला. डॅशबोर्डखाली एक बटण लावू, गरम झालं की दाबा. आपल्याकडे 'फॅन डायरेक्ट करून देतो' म्हणतात, त्याचाच हा भाऊ. काका म्हणाले, 'अरे, मग काट्याकडे बघायचं काम तसंच राहिलं की! मला बटण नको, राखणदार पाहिजे.'

हा राखणदार आला कुठून? अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये जॉन हॅरिसन जहाजावर अचूक चालेल असं घड्याळ करायच्या मागे लागला होता. उन्हा-थंडीने घड्याळ मागेपुढे व्हायचं. त्याने आपल्या तिसऱ्या घड्याळासाठी पितळ आणि पोलाद यांच्या दोन पट्ट्या एकमेकींना जखडल्या. पितळ तापलं की पोलादापेक्षा साधारण दीडपट फुगतं. पट्ट्या सुटू शकत नाहीत, म्हणून जोडपट्टी वाकते. तापमान किती बदललं हे धातू स्वतःच वाकून सांगतो. १८९६ साली शार्ल ग्योमने लोखंड आणि निकेलचा असा मिश्रधातू शोधला, जो तापला तरी जवळजवळ फुगतच नाही. त्याला इन्व्हार म्हणतात. पितळेशी त्याची जोडी लावली की पट्टी आणखी जास्त वाकते. या कामासाठी ग्योमला १९२० चं पदार्थविज्ञानाचं नोबेल मिळालं.

पण हळूहळू वाकणारी पट्टी विजेच्या स्विचला चालत नाही. दोन टोकं जेमतेम टेकली की ठिणग्या उडतात आणि टोकं जळतात. अमेरिकेत जॉन स्पेन्सरने १९२० च्या दशकात यावर तोड काढली. जोडधातूची किंचित खोलगट चकती करायची. पत्र्याच्या डब्याचं झाकण दाबलं की कसं टक्कन आत जातं, तशी ही चकती ठरावीक तापमानाला एकदम उलटते. निवली की पुन्हा टक्कन सरळ होते. उलटायचं तापमान आणि सरळ व्हायचं तापमान यांत काही अंशांचं अंतर असतं. ९२ ला चालू, ८७ ला बंद, अशी ही जात. ते अंतर नसतं तर पंखा दर मिनिटाला चालू-बंद होत राहिला असता.

मग हे गाडीत यायला आणखी चाळीस वर्षं का लागली? एक कारण वीज. जुना डायनॅमो इंजिन मंद असताना फार थोडी वीज देतो आणि पंखा तेव्हाच लागतो. डायोड असलेला अल्टरनेटर १९६० पासून गाड्यांत येऊ लागला, तेव्हा ही अडचण सुटली. दुसरं कारण इंजिनची जागा. १९५९ च्या मिनीने इंजिन आडवं बसवलं. पण पंखा इंजिनलाच जोडलेला ठेवायचा म्हणून रेडिएटर बाजूला, चाकाच्या कमानीकडे तोंड करून लावावा लागला. १९६९ च्या फियाट १२८ ने इंजिन आडवंच ठेवून रेडिएटर पुन्हा पुढे आणला आणि त्याला स्विचवर चालणारा विजेचा पंखा दिला. भारतात ही रचना सामान्य माणसाच्या दारात आली ती डिसेंबर १९८३ मध्ये, मारुती ८०० बरोबर. कुर्ल्याची पद्मिनी मात्र पुढेही पट्ट्यावरच राहिली.

कुंभकोणमच्या अंगणात हा सगळा इतिहास एका दुपारी उलगडला. आधी गाडीला अल्टरनेटर आहे ना, हे पाहिलं. पट्ट्यावरचा पंखा काढला. स्विचसाठी रेडिएटरच्या टाकीत आटे पाडलेली पितळी बुश झाळायची होती. या गावात पितळकामाला माणूस शोधावा लागत नाही. जवळच्या नाच्चियारकोविलच्या समया देशभर जातात. बुश तासभरात तयार झाली. ती टाकीत अगदी वर झाळली नाही, कारण तिथे हवा साठते. स्विच पाण्यात बुडालेला असला तरच त्याला खरं तापमान कळतं. आटे गळू नयेत म्हणून तांब्याचा वायसर घातला. पंखा दहा-पंधरा अँपिअर ओढतो, म्हणून तो भार रिलेवर टाकला आणि बॅटरीजवळ फ्यूज लावला.

बसवण्याआधी मेकॅनिकने एक चांगली गोष्ट केली. पाण्याच्या पातेल्यात स्विच दोरीने टांगला, सोबत तापमापक, वायरला बल्ब. नव्वदी ओलांडली आणि पाणी उकळायच्या आत बल्ब लागला. खाली उतरवलं, थोड्या वेळाने विझला. तुम्ही कुठूनही स्विच घेतलात तरी ही परीक्षा घरी करता येते, पाच मिनिटांत.

मग गाडी उभ्या जागी चालू ठेवली. काटा चढत गेला. कोणी काही बोलत नव्हतं. टक्क आवाज झाला आणि पंखा फिरू लागला. काटा थबकला आणि खाली आला. ते म्हातारे ड्रायव्हर जरा वेळ बघत राहिले. मग म्हणाले, 'हे तेव्हा असतं, तर माझा पगार वाचला असता.'

यंत्रांचा इतिहास सांगताना आपण वेग आणि ताकद सांगतो. पण बरीचशी यंत्रं सुधारली ती कोणाच्या तरी डोक्यावरचं लक्ष ठेवण्याचं ओझं उतरल्यामुळे, आणि त्या ओझ्याबरोबर येणारा दोषही. म्हणून स्विच बिघडला आणि कोणी म्हणालं, 'फॅन डायरेक्ट करून देतो', तर गाडी घरी पोचेपर्यंत चालवून घ्या. पण दुसऱ्या दिवशी नवा स्विच बसवा. बटणावर ठेवलात, तर राखणीचं काम पुन्हा माणसाच्या गळ्यात पडलं. कायम फिरत ठेवलात, तर ९२ आणि ८७ मधला फरक ओळखणारं गाडीत कोणीच उरलं नाही.

आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या गाडीची, तुमच्या घाटाची आठवण असेल तर जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात.