सहलीचा खर्च कोणत्या नावावर?

मागच्या महिन्यात आम्ही रेडिओवर घरखर्चाच्या हिशोबाबद्दल बोललो. त्यानंतर बऱ्याच गटांकडून एकच प्रश्न आला: गटातल्या बायांनी दोन दिवस कुठे जाऊन यायचं ठरवलं तर तो खर्च वहीत कुठे लिहायचा? किराणा, दवाखाना, शाळा, खत-बियाणं, हप्ता या सगळ्यांना वहीत रकाना आहे. फिरायला जायचा रकानाच नाही. काही घरांत तर प्रश्न याहून सरळ होता: हा खर्च करायचाच कशाला?

आम्ही म्हटलं, याचं उत्तर देण्याआधी जरा मागे जाऊन बघू. आपल्या आज्या-पणज्या कधी घराबाहेर पडल्याच नाहीत का? पडल्या, आणि पुष्कळ पडल्या. पण त्यांच्या खर्चाला कधी सहल हे नाव नव्हतं. तो देवाच्या, माहेराच्या, लग्नकार्याच्या नाहीतर बाजाराच्या नावावर पडायचा.

आधी देवाच्या नावाचं बोलू, कारण ही सगळ्यात जुनी आणि सगळ्यात हुशार सोय आहे. अजूनही कित्येक घरांत देव्हाऱ्यात कापडाच्या तुकड्यात बांधलेला रुपया असतो. पोर आजारी पडलं, गाय अडली की नवस बोलायचा आणि कुलदैवताच्या नावाने नाणं बांधून ठेवायचं. मग वर्षभर त्यात भर पडायची, कधी अंड्याचे पैसे, कधी खुरपणीतले उरलेले. त्या गाठोडीला घरात कुणी हात लावत नसे. डब्यातले पैसे नवरा मागू शकतो, दीर उसने नेऊ शकतो, पण देवाचे पैसे देवाचेच. जेजुरीला, तुळजापूरला किंवा शिंगणापूरला जायची वेळ आली की ती गाठ सुटायची. आज बँकेतले साहेब सांगतात की मोठ्या खर्चासाठी वेगळी बचत ठेवा आणि तिला हात लावू नका. आपल्याकडे हे काम एका फडक्याच्या तुकड्याने केलं, आणि राखणीला खंडोबाला बसवलं.

आता वारी. आषाढीच्या वारीला माणसं कशासाठी जातात हे आम्ही सांगायला नको, भक्ती हीच पहिली गोष्ट. पण हिशोबाच्या नजरेने पाहिलं तर वारी म्हणजे गरीब माणसाला परवडेल अशी वीस दिवसांची वाट आहे. आळंदीहून ज्ञानेश्वर महाराजांची पालखी आजच्या थाटात न्यायची पद्धत हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बसवली. तेव्हापासून दिंड्यांची शिस्त आहे. कोण कुठे चालणार, मुक्काम कुठे, स्वयंपाक कोण करणार, सगळं ठरलेलं. डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या आणि पाण्याचा हंडा घेतलेल्या बाया दिंडीत चालतात, हे तर तुम्ही पाहिलंच आहे. भाडं नाही, कारण पाय स्वतःचे. जेवणासाठी दिंडीत वर्गणी भरायची, आणि त्या वर्गणीला म्हणतात भिशी.

हो, भिशीच! आपण दर महिन्याला चिठ्ठी काढतो तोच शब्द. सगळ्यांनी थोडं थोडं घालायचं आणि त्यातून सगळ्यांचं भागवायचं, हा अर्थ दोन्हीकडे एकच. म्हणजे गटाच्या पैशातून प्रवास ही काही आजकालची चैन नाही. एकटीला न परवडणारी वाट दहाजणींना परवडते, हे वारीतल्या बायांना ठाऊक होतं. आणखी एक गोष्ट. वारीची वेळ मृगाच्या पेरणीनंतरची. ज्याची पेरणी उरकली त्याला निघता येतं आणि पाऊस लांबला तर जीव टांगणीला लागतो. कामाच्या वर्षात नेमकी कुठे फट आहे, हे ओळखूनच जाणं असे.

मुक्कामाचा प्रश्न मात्र मोठा होता. परगावी बाईमाणसाने रात्री थांबायचं कुठे? इथे अहिल्याबाई होळकरांचं नाव घ्यावंच लागेल. त्यांनी काशीपासून रामेश्वरापर्यंत घाट, विहिरी, धर्मशाळा, अन्नछत्रं उभी केली, हे शाळेच्या पुस्तकात असतं. पुस्तकात सहसा नसतं ते हे, की हा खर्च त्यांनी राज्याच्या तिजोरीतून नव्हे, खासगीतून केला. होळकरांच्या घरात खासगी म्हणजे राणीच्या नावाने वेगळं काढलेलं उत्पन्न. ते आधी सासूबाई गौतमाबाईंकडे होतं, पुढे अहिल्याबाईंकडे आलं. बाईच्या हातात तिचा स्वतःचा पैसा होता, म्हणून हजारो प्रवाशांना डोक्यावर छप्पर मिळालं. आम्हाला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर तुम्ही म्हणाल की रेडिओवाल्या एकाच बाजूने बोलतात. जोतीराव फुल्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. शेतकरी जन्मल्यापासून मरेपर्यंत धर्मविधी, सण आणि तीर्थयात्रा यांच्या नावाखाली कसा नागवला जातो, हे त्यांनी एकेक करून दाखवलं आहे. घरी पोटभर भाकरी नसताना क्षेत्राच्या ठिकाणी दक्षिणा मोजणारा कुणबी त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता. ते खोटं म्हणता येणार नाही.

पण त्याच काळातला आणखी एक कागद आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकरी सावकारांवर उठले आणि त्यांनी कर्जाची खतं, रोखे जाळले. पुढे तो वणवा पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरला. सरकारने चौकशी समिती नेमली. तेव्हा साहेबलोकांत एक मत पक्कं होतं, की हा शेतकरी लग्नात आणि सणात पैसे उधळतो म्हणून कर्जात बुडतो. समितीने खाती तपासली आणि वेगळंच सांगितलं. लग्नासणाचा खर्च असतो खरा, पण कर्जाचं मूळ क्वचितच तिथे असतं. त्याचा बोभाटा वाजवीपेक्षा जास्त झाला आहे. धान्य, बियाणं, बैल आणि सरकारी सारा यांसाठी वारंवार घेतलेल्या बारीकसारीक उचलीच कर्ज फुगवतात. त्यावर व्याज चढत जातं.

मैत्रिणींनो, हे दीडशे वर्षांपूर्वीचं आहे, पण आजची आपली वही उघडून बघा. घर बुडतं ते वर्षातून एकदा गणपतीपुळ्याला गेल्याने की दर आठवड्याला कुठल्यातरी कंपनीचा हप्ता फेडायला दुसरीकडून उचल घेतल्याने? आमचं मत स्पष्ट आहे. मात्र सहलीसाठीच उचल घेतली, तर तीही त्या बारीकसारीक उचलींत जमा झाली. मग फुल्यांनी ओढलेला असूड आपल्या पाठीवरही बसेल.

१८५३ साली १६ एप्रिलला मुंबई ते ठाणे आगगाडी धावली आणि वाटेचं गणित बदललं. इथली माणसं गाडीत बसतील की नाही याची सुरुवातीला शंका होती. ती लवकरच फिटली. तिसऱ्या वर्गाचे डबे भरभरून वाहू लागले आणि रेल्वेच्या प्रवासी उत्पन्नाचा मोठा हिस्सा याच गरिबांच्या तिकिटांतून येऊ लागला. कुर्डुवाडीहून पंढरपूरला जाणारी बार्शी लाइटची छोटी गाडी १९०६ साली सुरू झाली. जत्रेच्या दिवसांत गर्दी इतकी की मालाच्या वाघिणींतूनही यात्रेकरू न्यायचे. गांधीजींनी १९१७ साली मुंबई ते मद्रास तिसऱ्या वर्गाने केलेल्या प्रवासाबद्दल लिहिलं, ते वाचलं तर त्या डब्यांतली घाण आणि चेंगराचेंगरी डोळ्यांपुढे उभी राहते. स्वस्त होतं, पण स्वस्ताची किंमत अंगाने मोजावी लागे.

आणि रविवार? आठवड्याची सुट्टी ही गोष्ट आपल्याकडे आपोआप आलेली नाही. मुंबईच्या गिरण्यांत कामगारांना ठरलेली साप्ताहिक सुट्टी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे हे फुल्यांचे सत्यशोधक सहकारी. त्यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि सुट्टीची मागणी लावून धरली. २४ एप्रिल १८९० ला मुंबईत रेसकोर्सच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली. त्या सभेत दोन कामगार बाया उठून बोलल्या. १८९० साली, दहा हजार माणसांपुढे! त्यांची भाषणं आपल्यापर्यंत पोचली असती तर आम्ही आज बाकी सगळं सोडून तीच वाचून दाखवली असती. १० जून १८९० ला गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली.

पण ही सुट्टी गिरणीच्या भोंग्याची. गोठ्यातल्या गाईला रविवार कळत नाही. शेतकरणीचं शनिवार-रविवार असं काही नसतंच. सकाळची धार, संध्याकाळची धार, चूल, म्हाताऱ्या माणसांचं पथ्यपाणी. म्हणून आपल्याकडे एक रात्र बाहेर राहायचं म्हटलं की पहिला प्रश्न पैशाचा नसून धार कोण काढणार हा असतो. गटांचं आम्हाला कौतुक वाटतं ते इथे. काही गटांत दोन तुकड्या करतात. पहिली तुकडी जाते तेव्हा दुसरी तिच्या गोठ्याचं बघते, पुढच्या वेळी उलट. इरजिकीची जुनी रीत, फक्त नांगराऐवजी दुधाच्या कासंडीला लावलेली.

आपल्या खेड्यापाड्यांतल्या बाईला खरी वाट करून दिली ती एसटीने. १ जून १९४८ ला पुण्याहून अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, पहिली गाडी सुटली. पुढे गाव तिथे एसटी झाली आणि माहेर जवळ आलं. बैलगाडीने न्यायला भाऊ येईल याची वाट बघणारी लेक कंडक्टरच्या भरवशावर एकटी निघू लागली. १९८८ पासून ‘आवडेल तेथे कुठेही प्रवास’ हा चार आणि सात दिवसांचा पास आहे. एकदा पैसे भरले की ठरलेल्या दिवसांत हवं तिथे चढा, हवं तिथे उतरा. आम्ही गटागटांत विचारलं तेव्हा हा पास माहीत असलेल्या बाया बोटांवर मोजण्याइतक्या निघाल्या.

मग १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत निम्मं तिकीट झालं, साध्या गाडीपासून शिवनेरीपर्यंत, राज्याच्या हद्दीत. पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२ च्या ऑगस्टपासून फुकट. त्यानंतर जानेवारी २०२५ मध्ये भाडं सुमारे १५ टक्क्यांनी वाढलं, म्हणजे जिथे आपले पन्नास जायचे तिथे आता साडेसत्तावन्नच्या आसपास जातात. तरी निम्मं ते निम्मंच. गावातून चाळीस माणसं जमली तर आषाढीला पंढरपूरसाठी गावातूनच गाडी सोडायची सोयही महामंडळाने केली आहे. आगारात जाऊन विचारायला लाजू नका.

आता वहीकडे येऊ. एक उदाहरण मांडून बघू. बाईने आठवड्याला वीस रुपये बाजूला टाकले तर ५२ आठवड्यांत १,०४० रुपये होतात. जायच्या ठिकाणाचं पूर्ण भाडं ३०० असेल तर आपलं १५०, जाऊन येऊन ३००. उरले ७४०. शेगाव, पंढरपूर अशा ठिकाणी भक्तनिवासात चौघी-पाचजणींनी मिळून खोली घेतली तर एका रात्रीचा वाटा फार होत नाही. पहिल्या दिवसाची शिदोरी घरची. दशम्या पाण्याऐवजी दुधात पीठ भिजवून केल्या की दुसऱ्या दिवशीही मऊ राहतात. सोबत शेंगदाण्याची चटणी, कांदा. म्हणजे विकत घ्यायचं ते दुसऱ्या दिवसाचं जेवण, चहा आणि पोरांसाठी बत्तासे-पेढे. यातूनही शंभर-दीडशे मागे राहावेत असा हिशोब ठेवा, कारण परतीची गाडी चुकते, चप्पल तुटते.

हे वीस रुपये गटाच्या बचतीत मिसळू नका, एवढा मात्र आमचा आग्रह आहे. गटाची बचत कर्ज द्यायला असते. त्यात हात घातला की दवाखान्यासाठी मागायला आलेल्या बाईला नाही म्हणावं लागेल, आणि गट तिथेच फुटेल. वेगळी वही, वेगळा डबा, दोघींकडे चाव्या. घरात कुणी विचारलं तर आमच्याकडच्या काहीजणी अजूनही ‘देवाचे आहेत’ म्हणून सांगतात. त्यांना आम्ही दोष देत नाही, ती गाठ पिढ्यान्‌पिढ्या उपयोगी पडली आहे. पण एका गटाने यंदा वहीवर सरळ लिहिलं आहे: ‘फिरायला जाण्याचे पैसे’. त्या गटातल्या बारापैकी तिघींच्या घरी त्यावरून बोलणी झाली, आणि एकीने नाव मागे घेतलं.

तिची जागा अजून भरलेली नाही. तिचे वीस रुपये बाकीच्या अकराजणी आळीपाळीने घालतात. गाडी माघात आहे.