पांढरीची साक्ष

‘रोमन’ हा शब्द कानी पडताच आपल्या मनःचक्षूंपुढे संत पेत्राचे महामंदिर उभे राहते. परंतु प्राचीन रोमशी आपल्या भूमीचे नाते व्यापारानेही जोडले होते, याचा आपणांस सहसा विसर पडतो. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात आपल्या सोपारा आणि कल्याण या बंदरांची नावे आहेत. भडोचपासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, व तेथून पूर्वेस दहा दिवसांवर तगर, म्हणजे आजचे तेर, असेही त्यात नमूद आहे. तेथील माल गाड्यांतून भडोचला जाई. तापी ओलांडल्यावाचून हा प्रवास होत नाही. म्हणूनच अनेक अभ्यासक ही वाट खानदेशातून नेतात.

अशा स्थळांचा नकाशा आज संगणकावर अनेकांच्या हातांनी तयार होत आहे. २००० साली रिचर्ड टॅलबर्ट यांच्या संपादनाखाली प्राचीन ग्रीक-रोमन जगाचा भव्य नकाशासंग्रह प्रसिद्ध झाला. त्याच्या पायावर, कृत्तिकांच्या ग्रीक नावाने ओळखली जाणारी ‘प्लायडीज’ ही स्थळसूची उभी राहिली. तीत कोणीही जाणकार नोंद सुचवू शकतो. संपादक ती पारखून घेतात.

हे ऐकून पारोळ्यातील काही तरुण आमच्याकडे आले. गावचा भुईकोट किल्ला नकाशावर ‘रोमन’ म्हणून घालावा, अशी त्यांची इच्छा. आम्ही त्यांना सांगितले, “बाळांनो, हा किल्ला १७२७ सालचा. रोमचे पश्चिमेकडील साम्राज्य त्याआधी बाराशे वर्षे लयास गेले होते.” त्यांचे चेहरे उतरले. तेव्हा आम्ही त्यांना गिरणाकाठचे बहाळ व तापीकाठचे प्रकाशे यांविषयी सांगितले. १९५० च्या दशकात पुरातत्त्व खात्याने दोन्ही ठिकाणी उत्खनन करून प्राचीन वस्तीचे थर उजेडात आणले. मात्र वस्ती प्राचीन म्हणून ती रोमन व्यापाराचीच, असे ठरत नाही. त्यासाठी तेथे सापडलेल्या वस्तूच पाहाव्या लागतात. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत समुद्रदेव पोसायडनची कांस्यमूर्ती सापडली, म्हणून तेथे आपण निःशंकपणे बोलू शकतो.

तरीही काम निकडीचे आहे. जुन्या गावांच्या पांढरीची माती गाड्या भरभरून शेतात जाते आणि तिच्याबरोबर खापरे व नाणीही नाहीशी होतात. ती जाण्यापूर्वी नोंद व्हावयास हवी. मात्र “खोटी साक्ष देऊ नको” ही आज्ञा नकाशावरील ठिपक्यालाही लागू आहे. तरुणांनी किल्ल्याची नोंद मागे ठेवली. येत्या रविवारी ते वही घेऊन बहाळला जाणार आहेत.