‘वेठीस धरणें’ : एका वाक्प्रचाराची कुळकथा

आपणांस कांहीं करण्याची मोकळीक उरली नाहीं, असें सांगावयाचें असतां इंग्रज मनुष्य आपले हात बांधलेले आहेत असें म्हणतो. मराठींत ‘वेठीस धरणें’ हा असाच एक वाक्प्रचार आहे. हट्टी मुलानें घर वेठीस धरलें, संपानें शहर वेठीस धरलें, असें सहज बोललें जातें. परंतु या शब्दांच्या मुळाशीं खरोखरीच बांधली गेलेलीं माणसें आहेत.

‘वेठ’ हा शब्द संस्कृत ‘विष्टि’ या शब्दापासून आला. विष्टि म्हणजे सक्तीनें, मोबदल्यावांचून करून घेतलेलें काम. इ. स. 150 च्या सुमाराच्या गिरनारच्या शिलालेखांत महाक्षत्रप रुद्रदामन् सांगतो कीं, सुदर्शन तलावाचा बांध आपण प्रजेवर विष्टि न लादतां दुरुस्त केला. वेठ न घेणें ही राजास मिरविण्यासारखी गोष्ट वाटावी, यावरून ती किती रूढ होती तें ध्यानांत येतें. पुढें फारसी ‘बेगार’ शब्द तिला येऊन मिळाला व ‘वेठबिगार’ हा जोडशब्द झाला.

सक्तीनें कामास जुंपणें या अर्थाचें इंग्रजी क्रियापद ‘प्रेस’ हेंही दाबण्यावरून आलेलें नाहीं. त्याचें मूळ ‘प्रेस्ट’ म्हणजे आगाऊ दिलेली रक्कम. तें नाणें हातीं पडलें कीं खलाशी राजाच्या नौदलास बांधला जाई.

ठाणें जिल्ह्यांतही हेंच घडत आलें. लग्नासाठीं सावकाराकडून कर्ज घेणारा वारली त्याच्या घरीं राबत राही. त्यास ‘लग्नगडी’ म्हणत. 1945 च्या जानेवारींत कल्याण तालुक्यांतील टिटवाळें येथें किसान सभेचें अधिवेशन भरलें. त्याच वर्षीं मे महिन्यांत झरी येथें गोदावरी व शामराव परुळेकर यांच्या पुढाकारानें वारली एकत्र जमले व वेठ न करण्याचा निर्धार झाला. ऑक्टोबरांत तलवाडें येथील पोलिसांच्या गोळीबारांत जेठ्या गांगड यांच्यासह पांच जण मरण पावले.

26 जानेवारी 1950 पासून अमलांत आलेल्या राज्यघटनेच्या 23 व्या अनुच्छेदानें वेठबिगारीस बंदी केली. 1976 च्या कायद्यानें तर अशा मजुरांवरील कर्जेंच रद्द ठरविलीं. तथापि भिवंडीच्या आसपासच्या वीटभट्ट्यांवर कातकरी कुटुंबें आजही उचल घेऊन कामास येतात. ज्याचा हिशेब मालकाच्या वहींत, त्याची मोकळीकही त्याच वहींत अडकते. 2022 सालींही भिवंडी तालुक्यांत या कायद्याखालीं गुन्हा नोंदला गेला.

कागदावर सुटलेली गांठ प्रत्यक्षांत सुटावयाची, तर उचल फिटेपर्यंत मजुरास अडकवून ठेवण्याचा हक्क कोणासही नाहीं, ही गोष्ट प्रथम त्या मजुरास ठाऊक झाली पाहिजे. तोंवर ‘वेठ’ हा शब्द केवळ वाक्प्रचारापुरता उरला, असें म्हणतां येणार नाहीं.