टेपवरचा उमेदवार: पॉप संगीताची पदवी कशी सुरू झाली

आज आपण एका प्रवेश-अर्जाचा इतिहास बघणार आहोत. इंग्लंडमध्ये पॉप्युलर म्युझिक आणि रेकॉर्डिंगच्या पदवीसाठी अर्ज करणाऱ्याला बऱ्याच ठिकाणी स्वतःची रेकॉर्डिंग्ज पाठवावी लागतात, कुठे ऑडिशनही होते. यात विशेष काय, असं वाटेल. पण विद्यापीठाच्या दारात ही टेप चालायला फार वेळ लागला.

पूर्वी संगीत विभागात शिरायचं तर स्टाफ नोटेशन वाचता आलं पाहिजे, हार्मनी आली पाहिजे. ही अट काटेकोर लावली असती तर पॉल मॅकार्टनी बाहेरच राहिला असता. त्याला नोटेशन वाचता येत नाही.

आधी दार उघडलं ते तंत्रासाठी. १९४६ मध्ये संगीतकार आर्नोल्ड शोनबर्ग यांनी शिकागो विद्यापीठाला पत्र लिहून सुचवलं, की ध्वनिमुद्रण करणाऱ्यांना संगीत आणि भौतिकशास्त्र दोन्ही शिकवा. १९४९ मध्ये जर्मनीत डेटमोल्डला, १९७० मध्ये इंग्लंडमधल्या सरे विद्यापीठात असे ‘टोनमाइस्टर’ अभ्यासक्रम सुरू झाले. पण तिथल्या उमेदवाराला नोटेशनही यायला हवं आणि गणितही. म्हणजे रेकॉर्डिंग आत आलं, पॉप संगीत मात्र उंबऱ्यावरच थांबलं.

ते आत आलं १९८० नंतर. १९८१ मध्ये केंब्रिजहून ‘पॉप्युलर म्युझिक’ हे संशोधनपत्र निघालं, १९८८ मध्ये लिव्हरपूल विद्यापीठात या विषयाची संस्था उभी राहिली. १९९० च्या दशकात सॅलफर्डला ‘पॉप्युलर म्युझिक अँड रेकॉर्डिंग’ याच नावाची पदवी मिळू लागली. १९९६ मध्ये तर मॅकार्टनीच्या जुन्या शाळेच्याच इमारतीत कला-शिक्षणाची नवी संस्था सुरू झाली, आणि तिच्या संस्थापकांत तो स्वतः होता! या सगळ्यामागचा विचार एकच: हे संगीत कागदावर नाही, स्टुडिओत घडतं. मग उमेदवाराचा पुरावाही टेपच असणार.

पण याच काळात दुसरं एक दार बंद होत गेलं. जेफ एमरिक १९६२ मध्ये, सोळाव्या वर्षी, लंडनच्या ईएमआय स्टुडिओत नोकरीला लागला. विसाव्या वर्षी तो बीटल्सचा ‘रिव्हॉल्व्हर’ रेकॉर्ड करत होता. पदवी नव्हती; पगार घेत घेत शिकला. पुढे घरच्या संगणकावर रेकॉर्डिंग होऊ लागलं, मोठे स्टुडिओ कमी झाले आणि अशा उमेदवारीच्या जागाही आटल्या.

राहिली पदवी. तिची फी इंग्लंडमध्ये स्थानिक विद्यार्थ्याला १९९८ पर्यंत सरकार देत असे. त्या वर्षी वर्षाला १,००० पौंडांपर्यंत फी लागू झाली. २०१२ मध्ये ही मर्यादा ९,००० झाली. कर्ज मिळतं, पण ते कर्जच.

म्हणून या अर्जाला आपण दोन प्रश्न विचारू. तो कोणाचं ऐकतो? आणि तो कोणाला परवडतो? पहिल्याचं उत्तर पन्नास वर्षांत नक्कीच सुधारलं. दुसऱ्याचं मात्र एमरिकसारख्या मुलासाठी बिघडलं आहे.