कच्छचे भूकवच : आधी ताणलेले, आता दाबाखाली

खडक कितीही कठीण असला तरी भूकवचातील बलांपुढे तो निश्चल राहत नाही. बल मर्यादेत असेपर्यंत त्याचा आकार किंचित बदलतो आणि बल ओसरताच पूर्ववत होतो. मर्यादा ओलांडल्यावर काय घडेल, हे मुख्यतः खोली आणि तापमान ठरवतात. वरच्या थरातील थंड खडकाला तडा जातो. खोलवरचा तप्त खडक न तुटता वाकतो व त्याला वळ्या पडतात. तड्याच्या दोन बाजूंचे खडक एकमेकांपासून सरकल्यास त्याला प्रस्तरभंग म्हणतात.

गुजरातमधील कच्छने ताण आणि दाब दोन्ही अनुभवले आहेत. मध्यजीव महाकल्पात गोंडवनभूमी दुभंगत असताना येथील भूकवच ताणले गेले, पूर्व-पश्चिम प्रस्तरभंग निर्माण झाले आणि त्यांमधील भाग खचला. आज भारतीय भूपट्ट वर्षाला सुमारे ५ सेंटिमीटर वेगाने युरेशियाच्या दिशेने सरकत आहे. या रेट्याखाली तेच जुने प्रस्तरभंग उलट दिशेने हलतात, कारण अखंड खडक फोडण्यापेक्षा जुन्या भेगेवर घसरण्यास कमी बल पुरते.

१६ जून १८१९ च्या भूकंपात याचा परिणाम उघड्यावर दिसला. रणात सुमारे ८० किलोमीटर लांबीचा, काही मीटर उंचीचा उंचवटा वर आला. स्थानिकांनी त्याला ‘अल्लाह बंध’ म्हटले, म्हणजे माणसाने न बांधलेला बांध. त्याच्या दक्षिणेकडील जमीन खचून सिंद्रीचा किल्ला पाण्याखाली गेला. भूवैज्ञानिक चार्ल्स लायेल यांनी आपल्या ग्रंथात या घटनेची दखल घेतल्याने ती जगभर अभ्यासली गेली.

२६ जानेवारी २००१ चा भूकंप मात्र वेगळा ठरला. ७.७ तीव्रतेच्या या धक्क्यात अधिकृत नोंदीनुसार १३ हजारांहून अधिक बळी गेले. पण मूळ प्रस्तरभंग भूपृष्ठापर्यंत पोहोचलाच नाही. जमिनीला भेगा पडल्या, रणात वाळू व पाणी उसळले. ते सारे हादऱ्याचे परिणाम होते. प्रारंभी संशय परिचित ‘कच्छ मेनलँड’ प्रस्तरभंगावर होता. पश्चात्धक्क्यांच्या नोंदींवरून, भंग त्याच्या उत्तरेला वागड भागाखाली, दक्षिणेकडे कललेल्या पृष्ठावर सुमारे २० किलोमीटर खोलीवर सुरू झाल्याचे पुढे स्पष्ट झाले.