गिअरबॉक्स : पाण्यापासून बचाव

इंजिनाची गती आणि जोर यांचा मेळ घालून ती शक्ती चाकांकडे पोचवणारी, तळाशी तेल असलेली धातूची पेटी म्हणजे गिअरबॉक्स. पाऊस, चिखल आणि शिंतोडे ती सहज अडवते. मात्र ती पूर्णपणे जलबंद नसते. खडकाळ ओढ्यातून किंवा तुंबलेल्या रस्त्यावरून जाताना तिच्यात पाणी शिरेल का, हे पाण्याची खोली, पाण्यात गेलेला वेळ आणि पेटीचे तापमान यांवर ठरते.

पेटीचे सांधे गॅस्केटने बंद असतात. फिरते शाफ्ट जिथून बाहेर पडतात तिथे रबरी ऑइल सील असते. त्याची ओठासारखी कड आतल्या बाजूला वळलेली असते. आतल्या दाबाने ती शाफ्टला घट्ट बसते, तर बाहेरून दाब आला की सैल होते. सीलचे मुख्य काम तेल आत राखणे हे आहे.

म्हणून बाहेरचे पाणी सीलमधून आत शिरू शकते. पाणी शिरण्याची दुसरी वाट ब्रीदरची. गाडी चालताना पेटी तापते, आतली हवा फुगते आणि या छोट्या नळीतून बाहेर पडते. ही सोय नसती तर त्या दाबाने तेल सीलमधून झिरपले असते. तापलेली पेटी गार पाण्यात उतरली की उलट घडते. आतली हवा ९० अंश सेल्सिअसवरून २७ अंशांवर आली, तर तिचे आकारमान सुमारे एक षष्ठांशाने घटते. ब्रीदर चिखलाने बुजला असेल, तर तेवढ्याने आत निर्माण होणारी पोकळी सुमारे पावणेदोन मीटर पाण्याच्या दाबाइतकी ठरू शकते. पुढे सांगितलेल्या ६५० मिलिमीटर मर्यादेइतक्या खोल पाण्याचा दाब याच्या निम्म्याहूनही कमी असतो. म्हणजे पाणी नुसते घुसत नाही, पेटीच ते ओढून घेते. म्हणूनच ऑफ-रोड गाड्यांत ब्रीदरची नळी लांबवून इंजिनाच्या खोलीत उंचावर नेतात. स्नॉर्कलचा याच्याशी संबंध नाही. तो फक्त इंजिनाला लागणाऱ्या हवेची वाट उंचावतो.

उत्पादकांनी दिलेली पाण्याच्या खोलीची मर्यादा संपूर्ण गाडीसाठी आणि संथ वेगासाठी असते. नाशिकला तयार होणाऱ्या २०२० च्या महिंद्रा थारसाठी ती ६५० मिलिमीटर, तर पुण्याच्या फोर्स मोटर्सच्या गुरखासाठी ७०० मिलिमीटर सांगितली गेली. वेगाने गेल्यास समोर लाट उठते आणि प्रत्यक्ष खोली वाढते.

हा प्रश्न डोंगरातल्या वाटांपुरता नाही. पालघर जिल्ह्यातले नायगाव वसईच्या खाडीकाठी, मिठागरांच्या सखल पट्ट्यात वसले आहे. जुलै २०१८ च्या अतिवृष्टीत वसई-विरार परिसर पाण्याखाली गेला, मिठागरातल्या वस्तीत माणसे अडकली. खाडीलगतच्या अशा भागात भरतीचे खारे पाणी पुरात मिसळले, तर क्षारांमुळे बेअरिंग आणि गिअरच्या दातांवर गंज लवकर चढतो.

पाणी मिसळलेले तेल दुधाळ दिसते. गाडी बराच वेळ उभी राहिली की जड पाणी तळाशी बसते, त्यामुळे ड्रेन प्लग सैल करताच आधी तेच बाहेर येते. असे तेल लगेच बदलावे. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये क्लचच्या घर्षणपट्ट्यांचे अस्तर सुटण्याचा धोका असल्याने तिथे उशीर अधिक महागात पडतो. चारचाकी ड्राइव्हच्या गाडीत ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांकडे शक्ती वाटणारी पेटी) आणि दोन्ही डिफरेन्शियल (डाव्या-उजव्या चाकांना शक्ती वाटणारे गिअर) यांचे तेलही तपासावे. डिफरेन्शियल सहसा गिअरबॉक्सपेक्षा खाली असल्याने पाणी तिथे आधी पोचते.