रथ गुलामाचा, गळा साहेबाचा

लंडनच्या ट्विकेनहॅमवर इंग्लंडची रग्बी टीम उतरली की हजारो इंग्रज 'स्विंग लो, स्वीट चॅरिअट' गातात. १९८८ साली आयर्लंडला हरवताना ते दणाणलं, मग तिथलंच झालं. चेव येतो म्हणे! पण गाणं अमेरिकेतल्या काळ्या गुलामांचं. वॉलेस विलिस या गुलामानं रचलं असं मानतात. १८७१ साली निघालेल्या फिस्क ज्युबिली सिंगर्सनी ते गावोगाव नेलं. बहुतेक पोरंपोरी गुलामीतच जन्मलेली, आपलं विद्यालय बुडू नये म्हणून गात हिंडली. रथाची वाट बघायची म्हणजे मरणाची. मालकाच्या तावडीतून सुटायला बहुतेकांना दुसरा रस्ता कुठं होता? २०२० साली रग्बीवाल्यांनी गाण्याचा फेरविचार काढला. मी म्हणतो, बंदी कशाला? विलिसचं नाव मैदानात मोठ्यानं घ्या. १९७२ मध्ये आपल्या पँथरनं नाव घेतलं ते याच काळ्यांच्या पोरांकडून, म्हणून मी यात बोलतोय.